‘बरीड’ या शब्दावर हरकत

१ सप्टेंबर २०१३, रविवार. लातूर

आज काय झालं, क्रमाने:

१. इंटरनेटवरचा तो साध्या इंग्रजीतला ज्ञानकोश – ज्यात कुणीही लिहू शकतं – त्यात मी आमच्या बेन्नळी गावाचं पान तयार केलं. सहा ओळी.
२. अकरा मिनिटांत ‘ग्रेहेरन’ नावाच्या कुणीतरी चौथी आणि पाचवी ओळ काढली. कारण: संदर्भ नाही.
३. मी त्या परत घातल्या.
४. त्याने परत काढल्या.
५. मी परत घातल्या. खाली लिहिलं – रिस्पेक्टेड सर, मी त्याच गावची आहे. युवर्स फेथफुली, शिवांगी, बी. ई. कॉम्प्युटर.
६. त्याने ओळींसकट तेही काढलं. लेखावर सही करत नाहीत म्हणे.

चौथी ओळ भूकंपाची होती. पाचवी त्यात गेलेल्या सदतीस माणसांची. त्यांत आई आहे. हे मी त्याला लिहिलं नाही.

३० तारखेला वीस वर्षं होतात. तोपर्यंत पाचवी ओळ पानावर हवी, आणि बरोबर हवी. एवढंच.

३ सप्टेंबर

डबा खाताना नियम वाचले. लेखाच्या मागे चर्चेचं पान असतं. भांडायचं ते तिथे. म्हणणं मांडून शेवटी ती नागमोडी खूण चार वेळा टाइप करायची, म्हणजे आपलं नाव आणि वेळ आपोआप उमटते. ‘मी’ लिहायचं नाही. पदवी लिहायची नाही. समोरचा चांगल्या हेतूनेच करतोय असं धरून चालायचं.

यात मला नवं काही नाही. क्लासमध्ये मेडिकलच्या सराव परीक्षांचे पेपर मीच लावते. उत्तरं जाहीर केली की खाली ओळ असते – ‘हरकत असल्यास सोमवारपर्यंत लेखी कळवावे.’ ती ओळ माझीच.

अर्शी शेजारच्या टेबलावर जीवशास्त्राचे प्रश्न टाइप करते. वाकून पाहिलं. ‘काय करून राहिलीस? त्या चार अळ्या कशाच्या?’

सही आहे म्हटलं.

‘पडलेल्या गावाची पानं लिही तू. इथं उभ्या पोरांचे चारशे पेपर पडलेत.’

५ सप्टेंबर

वडिलांना, अप्पांना, फोन. ते नव्या बेन्नळीत असतात, पत्र्याच्या शेडनंतर मिळालेल्या घरात. सदतीस हा आकडा कुठे छापलाय का, विचारलं.

‘छापायला कशाला पाहिजे? मी हाय की. मी होतो तिथं. माझं नाव घाल.’

‘तुम्ही चालत नाही, अप्पा. छापील लागतं.’

‘म्हंजे मी छापलेला असतो तर चाललो असतो.’

‘हो.’

‘जित्या माणसाचं न्हाई, कागदाचं चालतंय. तहसीलसारखंच हाय की तुझं.’ आणि हसले. भूकंपाच्या विषयावर ते हसलेले मला आठवत नाहीत. खरं तर बोललेलेच आठवत नाहीत.

८ सप्टेंबर

अर्शीच्या वडिलांचा गंजगोलाईजवळ छापखाना आहे. नव्या गावातल्या शाळेची स्मरणिका १९९८ साली तिथेच छापली होती. अर्शीने मला न सांगता माळ्यावरून एक प्रत शोधून आणली. टेबलावर टाकली, म्हणाली, ‘धूळ तूच झटक.’

पान १४. सदतीस नावं, वयासह. सहावं आईचं – पार्वतीबाई चन्नबसप्पा, वय २६.

मी चोवीस.

संदर्भ जोडला. पुस्तकाचं नाव, वर्ष, पान. ओळ राहिली.

११ सप्टेंबर

ओळ अजून आहे.

१४ सप्टेंबर

ग्रेहेरनने वाक्य सोपं केलं. माझं होतं – दगडी घरं कोसळून ढिगाऱ्याखाली सापडल्याने सदतीस जणांनी प्राण गमावले. त्याचं म्हणणं: एका वाक्यात एकच गोष्ट असावी. अवघड शब्द नको. ‘प्राण गमावले’ हे तर अलंकारिकच.

आता आहे – घरं पडली. सदतीस माणसं तिथे ‘बरीड’ झाली.

इंग्रजीत आठ शब्द. आवडलं. इतकं नेमकं मला जमलं नव्हतं. चर्चेच्या पानावर आभार मानले. चार अळ्या.

१९ सप्टेंबर

काल विसर्जन झालं. अप्पा ३० तारीख धरत नाहीत, विसर्जन धरतात. गाव पडलं ते त्याच्या दुसऱ्या पहाटे. आज चष्म्याचं निमित्त काढून आले. जेवले नाहीत.

दुपारी क्लासमध्ये कुणी नव्हतं. त्यांना पान दाखवलं. गावाचं नाव इंग्रजीत वाचता आलं त्यांना. बाकी मी मराठीत वाचून दाखवत गेले. तालुका. नदी. पीक. मग –

‘घरं पडली. सदतीस माणसांना तिथे माती दिली.’

हे मी वाचलं. ‘बरीड’चा दुसरा मराठी शब्द माझ्या तोंडी आलाच नाही. आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत. बसवून माती देतात. घरात कुणी गेलं की तेवढा एकच शब्द असतो.

अप्पांनी चष्मा काढला.

‘कुणी लिवलं हे?’

‘परदेशातलं कुणीतरी आहे. मला माहीत नाही.’

‘चांगला माणूस हाय.’

मग सांगितलं. माझ्याकडे न बघता.

‘तुझ्या आईला माती न्हाई मिळाली, बाई. मी त्या रात्री रानात होतो म्हणून राहिलो. सकाळी तिला काढली. बांधाजवळ खड्डा खांदला, निम्मा दिवस लागला. परत आलो तर सगळ्यांना एका ठिकाणी रचून पेटवलं होतं. रोगराईचं भ्या होतं लोकांना. कुणाची चूक न्हाई.’

‘आणि खड्डा?’

‘बुजवला. रिकामाच. अजून तिथं नांगर घालत न्हाई.’

मी माउसवरचा हात काढला नव्हता. म्हटलं, अप्पा, हे वाक्य चुकीचं आहे, मी ते बदलायला सांगते.

‘राहू दे. एका जागी तरी लिवलंय ना, माती दिली म्हणून. राहू दे तसंच.’

साडेचारच्या गाडीने गेले. चष्मा करायचा राहिला.

२० सप्टेंबर

दोन्ही वाक्यं वेगवेगळी तपासली. घरं पडली – बरोबर. माणसं गाडली गेली, ढिगाऱ्याखाली – बरोबर. ‘ढिगाऱ्याखाली’ काढल्यावर त्याच ‘बरीड’चा अर्थ दफन होतो. ग्रेहेरनने चूक केली नाही. मी आभार मानले.

अर्शीला सांगितलं. तिने टाइप करणं थांबवलं. ‘आमच्यात पण मातीच देतात. अप्पा म्हणतायत तर ठेव ना. कोण तपासून राहिलंय?’

‘खोटं आहे ते.’

‘प्रश्नच चुकला तर आपण सगळ्यांना बोनस मार्क देतो का न्हाई? यांना दे एक.’

मी तिच्या पेपरात दोन चुका काढल्या.

२२ सप्टेंबर. नांदेड

गुरम्मा आत्याकडे. त्या वेळी मी चार वर्षांची, इथेच होते, म्हणून वाचले. आई मला आठ दिवस आधी सोडून गेली होती. तिच्या इरकलीशिवाय मला झोप येत नसे, म्हणून ती साडी माझ्याजवळ ठेवून गेली. हे मला माहीत होतं. ती अजून आहे, हे माहीत नव्हतं. आत्याने कपाटाच्या तळातून काढली. हिरवी, काठाला लाल.

‘तुझ्या लग्नात देणार होते,’ आत्या म्हणाली. ‘तू काही करीना, मग आताच बघ.’

पन्हा कमी आहे. आई माझ्यापेक्षा बुटकी असावी.

२३ सप्टेंबर. लातूर

विषयाशी नातं असणाऱ्याने पानावर स्वतः बदल करू नये, चर्चेत मांडावं – असा नियम आहे. स्मरणिकेचं पुढचं पान आज पहिल्यांदा उलटलं. मांडलं.

१. ‘बरीड’ या शब्दावर हरकत आहे.
२. मृतांना पुरलं नाही. एकत्र दहन झालं. संदर्भ तोच, पान १५.
३. सदतीसपैकी एक माझी आई आहे.

तिसरा मुद्दा दोनदा पुसला. मग ठेवला.

२४ सप्टेंबर

ग्रेहेरनचं उत्तर. तीन ओळी. दिलगिरी व्यक्त केली आहे. वाक्य बदललं आहे – घरं पडली. सदतीस माणसं मेली.

आता बरोबर आहे.



२५ सप्टेंबर, बुधवार

किल्लारीच्या जीपवाल्या भीमाच्या हाती चिठ्ठी दिली. फोनवर मला हे बोलता आलं नसतं. इथे उतरवून ठेवते.

‘अप्पा, ते वाक्य मी बदलायला लावलं. माती दिली असं आता तिथे लिहिलेलं नाही. आईची इरकल आत्याकडे होती, ती मी आणली आहे. बांधाजवळची जागा पुन्हा खांदू. खांदायला मी येते. यावं की नाही, ते रविवार, २९ तारखेपर्यंत कळवा. – शिवांगी.’