न वाजणाऱ्या चकत्या

५ जुलै, सकाळी सात

काल ड्वेनच्या अंगणात बार्बेक्यू. बरगड्या करपलेल्या. शेजारी हिरवी जेली, जेलीत गाजराचा कीस. बघूनच शिसारी आली. दोनदा घेतली, कारण बरगड्या त्याहून वाईट होत्या.

ड्वेन हा बायकोचा धाकटा भाऊ आणि गावच्या शूटिंग क्लबचा कर्ताधर्ता. दोन्ही गोष्टींचा त्याला माज आहे. सगळ्यांसमोर म्हणाला की मर्लच्या (म्हणजे माझ्या) हातात पाण्याचा पाइप दिला तरी त्याच्याने नेमबाजीच्या पाच चकत्या ओल्या व्हायच्या नाहीत. सगळे हसले. माझी बायको लोर्ना सगळ्यात जास्त.

तिथल्या तिथे २४ ऑगस्टच्या स्पर्धेला नाव दिलं. खेळ अगदी सोपा. पिस्तूल कमरेला, हात वर. मागे उभा असलेला पंच टायमर दाबतो. बीप वाजला की पिस्तूल काढायचं आणि समोरच्या पाच पोलादी चकत्या वाजवायच्या. शेवटी मारायची चकती ठरलेली असते, ती लागली की घड्याळ थांबतं. ज्याला कमी वेळ लागेल तो जिंकला. यात न जमण्यासारखं काय आहे ते मला कळलेलं नाही.

लोर्नाने संधी साधली. दोन वर्षं माझ्या मागे लागली आहे की कान तपासून घे. मी अडतीस वर्षं धान्याच्या कोठारावर काढली, सुकवणीच्या पंख्यांना टेकून डबा खाल्ला, एक दिवस कानात बोळा घातला नाही. कान ठणठणीत आहेत. लोक पुटपुटतात, त्याला मी काय करू? पण ती म्हणाली, स्वतःच्या घरात ओरडून ओरडून माझा घसा गेला, आता मी तुला काही सांगायचंच सोडून दिलंय. तर पैज अशी: मी शेवटचा आलो तर कान तपासायचे आणि ते देतील ते यंत्र लावायचं. शेवटचा नाही आलो तर तिने मरेपर्यंत हा विषय काढायचा नाही. ड्वेनला साक्षी ठेवून हात मिळवला.

बाई फसली. शेवटचा कोण येतो?

८ जुलै

संकल्प. (१) रोज अर्धा तास रिकाम्या पिस्तुलाने सराव. (२) साखर बंद. (३) ड्वेनशी बोलणं कमीत कमी.

फोनवर टायमरचं ॲप घेतलं. फडताळासमोर हात वर करून उभा राहिलो. बीप वाजलाच नाही. पाच मिनिटं तसाच उभा. खांदे भरून आले. ॲपला एक तारा दिला आणि खाली लिहिलं की हे बनवणाऱ्यांना लाज वाटली पाहिजे.

९ जुलै

दुसरं ॲप. तेही मुकं. एक तारा.

११ जुलै

तिसरं. एक तारा. या देशात आता कोणालाही कुठलंही काम धड करता येत नाही.

डोनट खाल्ला. साखर सोमवारपासून.

१४ जुलै, रविवार

ड्वेनकडून क्लबचा खरा टायमर आणला. लाल बटण, मोठा डबा. बंद पडलेला निघाला. ड्वेनला फोन केला तर म्हणे काल तर वाजत होता. लोर्नाही म्हणाली की वाजतोय, आत्तासुद्धा वाजला. भावाची बाजू घेणारच. मी तिला शांतपणे सांगितलं की मी टायमरच्या शेजारी उभा आहे आणि तू सिंकपाशी, तेव्हा कोणाला जास्त कळेल? तिने नळ सोडला. हल्ली ती बोलतच नाही. भांडी घासताना गुणगुणायची, तेही दोन वर्षांपासून बंद आहे. वय झालं की बायकांचा उत्साह जातो.

सराव अडायला नको म्हणून उपाय काढला. लोर्ना टायमर दाबते आणि त्याच क्षणी लाकडी चमच्याने माझ्या बरगडीत ढोसते. चमचा लागला की पिस्तूल काढायचं. झकास जमतंय. ती जरा जास्तच जोरात ढोसते.

२० जुलै, शनिवार

पहिल्यांदा रेंजवर. ओकारी यावी इतका निकृष्ट माल. चकत्या वाजतच नाहीत. मी लहानपणी लोखंडी तव्यावर गोळी मारायचो तर सगळ्या शेताला ऐकू जायचं. इथे गोळी मारली की नुसती शांतता. लागली की नाही कळणार कसं? म्हणून एकेका चकतीवर तीन-तीन, चार-चार मारत राहिलो.

ट्रूडी पंच आहे. सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवली, आवाज अजून बसमध्येच आहे. तिचं मात्र स्पष्ट ऐकू येतं, कारण ती पुटपुटत नाही. ती म्हणाली, मर्ल, ती चकती कधीच मेली, तिला सोड आता, पुढे चल. मी म्हटलं वाजली नाही. रांगेतल्या सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. क्लबवर टीका केली की लोकांना अशीच लागते.

आणखी एक घाणेरडी पद्धत. प्रत्येकाची पाळी झाली की बाकीच्यांनी पुढे जाऊन चकत्यांवर पांढरा रंग मारायचा, म्हणजे पुढच्याच्या गोळ्यांच्या खुणा दिसतात. मी पैसे भरून रंगाऱ्याचं काम करायला आलेलो नाही. तरी केलं. बूट पांढरे झाले.

२७ जुलै

पुन्हा रेंज. ओपल बाईही होत्या. वय एक्याऐंशी, चालायला चार पायांची चौकट. चौकटीला पिशवी, पिशवीत बारीक .२२ पिस्तूल. त्यांनी पाच चकत्या पाच गोळ्यांत मारल्या. मला म्हणाल्या, बेटा, तू चांगला नेम धरतोस, पण मेलेल्याला किती मारशील? मी हसलो. आतून हसलो नाही.

निदान एक माणूस माझ्या मागे राहणार हे नक्की झालं. चौकट घेऊन कोणी स्पर्धा जिंकत नाही.

३ ऑगस्ट

घरचा सराव उत्तम. लोर्नाच्या हातात थांबवायचं घड्याळ. चमच्यापासून पाचव्या चकतीपर्यंत (भिंतीवर चिकटवलेल्या पाच कागदी ताटल्या) ४.१ सेकंद. एकही नेम चुकत नाही. अर्थात रिकाम्या पिस्तुलाने नेम चुकला हे कळत नाही, पण मला आतून कळतं.

जेवणानंतर पडवीत बसलो. या वर्षी रातकिडे आलेच नाहीत. मक्यावर इतकी औषधं फवारतात की सगळे मेले. काउंटीच्या कचेरीला कडक पत्र लिहिणार आहे. लोर्नाला हे सांगितलं. ती कुत्र्याशी काहीतरी बोलली. कुत्र्याला ते पटलं असावं.

१० ऑगस्ट, शनिवार

ड्वेनला एकदम प्रेम आलं. त्याचे बॅटरीवाले कानावरचे मफ दिले. म्हणाला, गोळीचा धडाका अडतो आणि बाकी सगळं मोठ्याने येतं, घरी लावून बघ. पडवीत लावले. आतून सतत किरकिर, किरकिर. हजार ठिकाणांहून. शिवाय घरातून दर मिनिटाला कसलंतरी च्युक. डोकं फुटायची वेळ आली. खराब माल आहे हे तेव्हाच कळलं. परत नेऊन त्याच्या हातात आपटले आणि म्हटलं, यात किडे शिरलेत. ड्वेनने ते स्वतःच्या कानांना लावून पाहिले आणि गुपचूप गाडीत ठेवले.

रेंजवर माझे जुने साधे मफ बरे. त्यांतून काहीच येत नाही.

१७ ऑगस्ट

स्पर्धेसाठी शर्ट छापून आणला. पाठीवर मोठ्या अक्षरांत MERLE. लोर्नाने विचारलं, नाव पाठीवर कशाला, तुला हाक मारून कोणाला वळवायचं आहे? तिरकस बोलणं तेवढं तिला स्पष्ट येतं.

धुराचा अलार्म म्हणे मे महिन्यापासून बॅटरीसाठी च्युक च्युक करतोय. मी त्याच्याखाली खुर्ची टाकून दहा मिनिटं बसलो. काही नाही. या बाईला भास होतात. तपासायचं असेल तर तिचे कान तपासा.

साखर स्पर्धेनंतर बंद.

२३ ऑगस्ट

बैठकीतल्या फळीवरच्या तिच्या चिनीमातीच्या कोंबड्या उचलून खोक्यात ठेवल्या. चषकाला जागा लागेल. पहिल्या दहात येईनच. फार नाही, दहावा.

लोर्ना क्लबच्या जेवणासाठी बटाट्याचं सॅलड करत होती. मेयोनेझचा डोंगर. मी म्हटलं उद्यापासून कानांचा विषय बंद. ती म्हणाली ठीक आहे, आणि बटाटे चिरत राहिली. तिचा चेहरा जरा उतरलेला वाटला. हरणाऱ्याचा असतोच.

२४ ऑगस्ट, सकाळी सहा

उत्तम झोप. नाडी शांत. दोन डोनट, शक्तीसाठी.

२४ ऑगस्ट, दुपारी चार

लिहायची इच्छा नाही. पण दुसरं कोणी खरं लिहिणार नाही.

सत्तावीस जण. चार जागा, प्रत्येक जागी पाच फेऱ्या, सगळ्यात वाईट फेरी सोडून देतात. पहिल्या जागी मी हात वर करून उभा. ट्रूडी म्हणाली, तयार राहा. राहिलो. आणि तसाच राहिलो. समोर पाच पांढऱ्या चकत्या, वर एक घार. मनात आलं, आज ट्रूडी फार वेळ घेते आहे. शेवटी तिने पुढे येऊन माझ्या तोंडासमोर टायमर धरला. तीस सेकंद होऊन गेले होते.

मी म्हटलं बॅटरी गेली. तिने बॅटरी बदलली. पुन्हा तेच. मग मी मागे वळून सगळ्यांना विचारलं, कोणाला वाजलेला ऐकू आला? सव्वीस जणांचे हात वर. ओपल बाईंनी चौकट सोडून दोन्ही हात वर केले.

तेव्हा एक शंका डोकावली. लगेच दुर्लक्ष केलं.

दुसऱ्या जागी डोकं चालवलं. तयार राहा म्हटल्यावर ट्रूडी साधारण दोन सेकंदांनी दाबते. मनात दोन मोजून पिस्तूल काढलं. आधी काढलं म्हणून ताकीद. पुन्हा काढलं, तीन सेकंदांचा दंड. मग तीन मोजले, तर घड्याळ कधीच निघून गेलं होतं. त्यात चकत्या वाजेनात, म्हणून प्रत्येकीला चार-चार. तिसऱ्या जागी तर शेवटची चकती मध्येच मारून बसलो. घड्याळ थांबलं आणि मी मात्र चालूच. ड्वेन हसला नाही. ड्वेन हसत नाही यासारखी किळसवाणी गोष्ट मी पाहिलेली नाही. तो माझ्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलला. कळलं नाही, आणि पुन्हा बोल म्हणायचं धैर्य झालं नाही.

चौथ्या जागी चार फेऱ्या तशाच वाया गेल्या. शेवटच्या फेरीआधी लोर्ना जेवणाच्या टेबलावरून उठून आली. सॅलडचा चमचा हातात तसाच. ट्रूडीशी बोलली. ट्रूडीने ड्वेनकडे पाहिलं. ड्वेनने मान डोलावली. म्हणजे ज्याला बीप ऐकू येत नाही त्याला खांद्यावर हात लावून सांगता येतं. नियम होताच. मला कोणी सांगितला नव्हता. किंवा सांगितला असेल.

मी म्हटलं, मला गरज नाही. लोर्ना माझ्या समोर येऊन उभी राहिली, मला ओठ दिसतील अशी. ओरडली नाही. म्हणाली, मर्ल, एकदा तरी नीट खेळ, मला बघायचंय.

हात वर केले. तयार राहा. बरगडीत चमचा. पाचही चकत्या, पाच गोळ्या, ४.६ सेकंद. एकीचाही आवाज आला नाही, पण मागे वळलो तर सगळे टाळ्या वाजवत होते. ते दिसत होतं. नव्या शर्टावर मेयोनेझ.

निकाल: सत्ताविसावा. ओपल बाई अकराव्या.

२५ ऑगस्ट

कोंबड्या फळीवर परत ठेवल्या. चष्मा लावून प्रत्येकीची धूळ पुसली.

५ सप्टेंबर

कानांचा दवाखाना. काचेच्या खोलीत बसवलं. नर्स पोरीने हातात बटण दिलं आणि लिहून दाखवलं, बीप ऐकू आला की दाबा. बराच वेळ झाला. मी विचारलं, सुरू कधी करणार? ती म्हणाली, संपलं.

परतताना गाडीत लोर्नाने जिंकल्याचं एकदाही बोलून दाखवलं नाही. नुसती बाहेर मका बघत होती. हे तर अगदीच असह्य.

१९ सप्टेंबर

यंत्रं मिळाली. कातडीच्या रंगाची, किळसवाणी, कानात झुरळ बसल्यासारखी वाटतात.

गाडीचा दिवा वळताना टकटक करतो. माझे बूट चरचरतात. ड्वेनचं हसणं मला आठवत होतं त्यापेक्षाही वाईट आहे. धुराचा अलार्म मे महिन्यापासून वाजतोय, बॅटरी बदलली. तिन्ही ॲपना पाच-पाच तारे दिले, कारण लिहिलं नाही. रातकिडे आहेत. खूप आहेत. काउंटीला पत्र टाकलं नव्हतं हे बरं झालं.

जेवणानंतर टेबलाशी बसलो होतो. लोर्ना सिंकपाशी पाठमोरी. भांडी घासताना गुणगुणत होती.

मी विचारलं, हे परत कधीपासून सुरू केलंस?

ती वळली नाही. म्हणाली, बंद कधी केलं होतं?

सूर भयंकर. पूर्वीही भयंकरच होता, त्यात काही सुधारणा नाही. नर्सने सांगितलंय की पहिल्या दिवशी दोन तासांच्या वर यंत्रं लावू नका, डोकं दुखेल. डोकं दुखतंय.

तिची भांडी संपत आली. मी कपाटातून दोन स्वच्छ पातेली काढली आणि गुपचूप तिच्या उजव्या हाताशी नेऊन ठेवली. तिने ती पाहिली, पाण्याखाली धरली आणि घासायला घेतली.

तिच्या लक्षात आलं नसावं.