न घातलेले बूट

मी, वय सेहेचाळीस, ग्रंथालयात सूचीकार, पूर्ण शुद्धीवर आहे आणि कोणाच्याही सांगण्यावरून हे लिहीत नाही. डॉक्टरांनी सांगितलेली मुदत मला समजली आहे.

घर आणि बँकेतली शिल्लक धाकट्या बहिणीला. भावाने हक्क सांगू नये. आईच्या आजारपणात तो दोनदाच आला, तेही जेवणाच्या वेळेला.

मागच्या खोलीत डोंगरभटकंतीचे सामान आहे: पाठपिशव्या अकरा, तंबू चार, स्लीपिंग बॅगा सहा. मी डोंगर चढले जेमतेम नऊ. बाकीचे दुकानातच चढले. धाकटी म्हणायची, "ताई, तुला पाठ एकच आहे ना गं?" तिची स्वतःची पिशवी सोळा वर्षे तीच, शिवून शिवून मूळ कापड कोणते ते कळत नाही. माझे सगळे सामान तिच्या गिर्यारोहण मंडळाला द्यावे. सभासदांनी ते आळीपाळीने वापरावे, फाटले तर शिवावे आणि ते झिजून संपेपर्यंत नवे घेऊ नये.

आता बूट. पाच वर्षांपूर्वी तिचे बूट दुरुस्तीला होते, म्हणून मी माझे दिले. नऊ वर्षे खोक्यात, एकदाही न घातलेले. "नवेकोरे आहेत, ने," म्हटले. उतारावर ती पडली. गुडघा गेला, डोंगर सुटले. "माझंच लक्ष नव्हतं गं," असे ती आजही म्हणते.

दवाखान्यातून तिचे सामान मी घरी आणले. उजव्या बुटाचा तळ अर्धा सुटला होता. बोटाने दाबला तर भुगा पडला. दुरुस्तीवाले काका म्हणाले, "नुसते ठेवले की तळ आतून सडतो, बाई. घालून फिरला असतात तर तेव्हाच कळलं असतं." मी ते बूट कचऱ्यात टाकले आणि तिला सांगितले, "चालताना लक्ष देत जा."

हे वाक्य मी आजवर रोजनिशीतही लिहू शकले नाही. तोंडाने खरे सांगायचे धैर्य अजून होत नाही. हे वाचून तिला घर नकोसे झाले, तर तिला कोणी समजवायला जाऊ नये. एवढे मात्र तिला मोठ्याने वाचून दाखवावे: त्या दिवशी ती नीट चालत होती.

साक्षीदार:
१. बूट दुरुस्त करणारे काका (सही)
२. शेजारच्या निवृत्त शिक्षिका (सही)

लिहून देणार: थोरली बहीण (सही)
स्थळ: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: बारा मार्च, मंगळवार

टीप: ज्याला मिळायचे त्याने सहीच्या वेळी समोर असू नये, असे वकील म्हणाले. बहीण माझी औषधे आणायला गेली आहे, काठी टेकत, तीन जिने उतरून.