तिसऱ्या खंडाचं कोरं पान

वैशाली, गाझियाबाद
९ डिसेंबर

प्रिय श्रावस्ती,

हे फोनवर सांगता आलं असतं, पण रविवारच्या फोनवर आपण दोघं हवामान आणि माझ्या गोळ्या यापलीकडे जात नाही. तुझ्या बंगळुरूला पाऊस, माझ्या गाझियाबादला धूर. मग तू 'चलो बाबा, टेक केअर' म्हणतेस आणि मी फोन हातात धरून उगाच बसून राहतो. म्हणून पत्र. एवढं लांब मराठी वाचायची सवय तुला राहिलेली नाही, तेव्हा सावकाश वाच. एका पुस्तकाबद्दल लिहायचं आहे. निळ्या कापडी बांधणीची ती तीन खंडांची कादंबरी, तिच्यातला तिसरा खंड. तो तुला आठवतो का, हे विचारायचं धाडस माझं इतक्या वर्षांत झालं नाही.

आधी बातमी. माझी पुस्तकं मी एका कॉलेजच्या लायब्ररीला द्यायची ठरवली आहेत. सगळी, म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच्या साहेब-मडमांनी एकमेकांना काहीबाही लिहून भेट दिलेली ती चारशे बारा पुस्तकं, ज्यांच्यापायी तुझी आई सरोजिनी नगरच्या त्या दोन खोल्यांत पंचवीस वर्षं गाद्या ठेवायला जागा शोधत राहिली. ती गेल्यापासून घरात जागाच जागा आहे. पानिपतला काला अंबच्या युद्धस्मारकाला जाणाऱ्या महाराष्ट्र मंडळाच्या बसमध्येही माझ्या शेजारची सीट रिकामी राहते, म्हणून मी जाणंच सोडलं. पुस्तकांचा आता जीव जातो माझ्या हाताखाली. धूळ झाडायची तर खोकला येतो आणि न झाडावी तर वाळवीची भीती.

लायब्ररीचे अविनाश म्हणून गृहस्थ आहेत, मूळचे पुण्याचे. गेला आठवडाभर ते रोज येऊन यादी करत होते. माणूस कामाचा आहे, चहा मात्र बिनसाखरेचा पितो. प्रत्येक पुस्तक उघडायचं, आतल्या कोऱ्या पानावर कुणी कुणाला काय लिहिलंय ते उतरवून घ्यायचं. मी शेजारी बसून त्या माणसांच्या गोष्टी सांगायचो आणि ते 'अच्छा, अच्छा' करायचे. बऱ्याच दिवसांनी घरात दुसऱ्या माणसाचा आवाज होता, मला फार बरं वाटलं. शुक्रवारी निळा संच निघाला. पहिला खंड उतरवला, दुसरा उतरवला. तिसरा उघडून ते म्हणाले, 'सर, हा ब्लँक आहे ना? मग नो इन्स्क्रिप्शन टाकतो.' आणि टाकलंसुद्धा. शेवटी सही करायला यादी माझ्यापुढे ठेवली. नोकरीत मी हजारो कागदांवर सह्या केल्या, काही न वाचताही केल्या. या एकावर माझा हात चालेना. चष्मा सापडत नाही असं सांगून मी त्यांना सोमवारी यायला सांगितलं. चष्मा माझ्या डोळ्यांवरच होता. ते भले, यादी पिशवीत घालून निघाले.

तू लहानपणी विचारायचीस, बाबा, दुसऱ्यांच्या नावाची पुस्तकं तुम्ही का घेता? मी तुला प्रदर्शनातलं उत्तर द्यायचो, की हस्ताक्षर असलं की प्रत दुर्मिळ होते. खरं उत्तर वेगळं होतं. नागपूरला इंदोऱ्यातल्या आमच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली माझी शाळेची पुस्तकं मांडलेली असायची, पण ती सगळी गरीब विद्यार्थ्यांच्या फंडाची, वर्ष संपलं की परत करायची. तुझे बाबुराव आजोबा मिलमध्ये अंगठा उठवायचे. त्यांना सही मी शिकवली, चौदाव्या वर्षी. आमच्यात कुणी कुणाला पुस्तक दिलं नव्हतं, नाव घालून तर नाहीच. नोकरीला दिल्लीत आलो आणि दर्यागंजच्या फुटपाथवर एका रविवारी एक पुस्तक उघडलं, तर आत कुणा बापाने मुलाला चार ओळी लिहिलेल्या. मी तिथेच उकिडवा बसून त्या पुन्हापुन्हा वाचल्या. मला हेवा वाटला, बाई. मग मी लोकांच्या भेटी गोळा करत सुटलो.

निळे दोन खंड मी तुझ्या जन्माच्या वर्षी घेतले. ॲग्नेस नावाच्या बाईने हिंदुस्थानात आलेल्या बहिणीला पाठवलेले. पहिल्यात लिहिलंय, लाडक्या एडिथला, तिकडच्या लांब संध्याकाळी सराव्यात म्हणून. दुसऱ्यात, हा एकटीने वाचू नकोस, कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखव. तिसरा खंड नव्हताच. तो मला अकरा वर्षांनी मेरठला एका मोडीत निघालेल्या क्लबच्या पुस्तकांत मिळाला. तीच बांधणी, तोच एडिथच्या नावाचा शिक्का, आणि आतलं पान कोरं. ॲग्नेसने त्यावर का लिहिलं नाही, यावर आपण दोघांनी किती डोकं लढवलं होतं. तू म्हणायचीस त्यांचं भांडण झालं असेल. मी म्हणायचो, तिला वेळ मिळाला नसेल. आणि मीच तुला शिकवलं होतं की आत कुणी काही न लिहिलेलं पुस्तक मुकं असतं.

मग आला एक जुलै. माझा वाढदिवस, म्हणजे शाळेत नाव घालताना गुरुजींनी ठोकून दिलेली तारीख. ती कधी कुणी पाळली नव्हती. संध्याकाळी ऑफिसातून आलो तर तिसरा खंड टेबलावर, शेजारी तुझं शाळेचं शाईपेन आणि तू हात मागे बांधून उभी. मी पुस्तक उघडलं. निळी शाई आणि 'प्रिय बाबांना', एवढंच दिसलं आणि मी पुस्तक मिटलं. पुढचं वाचलं नाही. 'ही काय तुझी वही आहे?' असं म्हणालो. मी ओरडलो नाही. ओरडलो असतो तर बरं, तू रडली असतीस आणि आईने दोघांना जेवायला वाढलं असतं. त्या दिवशी तू न जेवता झोपलीस.

पुढचं तुला कुणी सांगितलेलं नाही. आमच्या जुनी पुस्तकं जमवणाऱ्या मंडळींचं प्रदर्शन पंधरा दिवसांवर होतं. मी तो खंड चावडी बाजारात हरिदासकडे नेला. जुने कागद धुऊन साफ करण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याने पान पाहिलं आणि म्हणाला, 'साहब, बच्ची ने कितने प्यार से लिखा है, रहने दो ना.' दुसऱ्यांदाही म्हणाला. मी त्याला सांगितलं, काम कर. त्याने केलं. प्रदर्शनात त्या संचापुढे कुणी दोन मिनिटंही थांबलं नाही. महिन्याभराने मी तुला कपाटापाशी पाहिलं. तू तिसरा खंड उघडलास, कोऱ्या पानावरून बोट फिरवलंस आणि पुस्तक जागच्या जागी ठेवलंस. मी दारात होतो. मी तसाच मागे फिरलो. त्यानंतर आजवर तू दिलेल्या प्रत्येक कार्डावर मजकूर छापलेला असतो आणि खाली फक्त तुझं नाव, इंग्रजीत. मी कार्डं सगळी ठेवली आहेत. आयुष्यभर मी परक्यांच्या चार-चार ओळींसाठी उन्हातान्हात फिरलो, आणि माझ्यासाठी कुणी पहिल्यांदा लिहिलं ते मी धुवायला दिलं. मी चुकलो, श्रावस्ती. फार चुकलो. हे मी तुझ्या आईजवळसुद्धा कधी बोललो नाही.

शनिवारी दुपारी मी ते पुस्तक बाल्कनीत नेलं. या दिवसांत तीनच्या सुमाराला ऊन आडवं येतं. पान तिरपं धरलं, तर शाई गेली आहे पण निब दाबून लिहायची तुझी सवय गेलेली नाही. अक्षरांच्या खुणा कागदात आहेत. दोन दिवस लागले, पण लागलं. 'प्रिय बाबांना, ॲग्नेसला वेळ मिळाला नाही म्हणून मी लिहिते.' मग एक अख्खी ओळ, आणि खाली 'तुमची श्रावस्ती, १ जुलै'. ती मधली ओळ मात्र काही केल्या लागत नाही. तिथे तुझ्या पेनाचा ठिपका पडला असावा, हरिदासने तेवढंच जास्त घासलंय. भिंग लावलं, उशी ठेवून कोन बदलून पाहिलं. 'तुम्ही' आहे, आणि शेवटी 'वाचा' किंवा 'वाचाल' आहे. मधलं गेलं.

काल अविनाश आले तेव्हा मी यादीतून निळा संच काढायला लावला आणि उरलेल्यावर सही केली. पुस्तकं वीस तारखेला जातील. पहिले दोन खंड माझ्यापाशी राहतील. तिसरा या पत्राबरोबर तुझ्याकडे येतो आहे, पांढऱ्या कापडात शिवून. टाके वेडेवाकडे आहेत, तुझ्या आईसारखी सुई मला चालवता येत नाही. ती मधली ओळ तुला आठवत असेल तर त्याच जागी पुन्हा लिही. आठवत नसेल तर आता जे लिहावंसं वाटेल ते लिही, रागाचं असलं तरी चालेल. मराठी चुकली तरी चालेल. पेनानेच लिही. आणि तिन्ही खंड एकत्र राहायला हवेत, तेव्हा हा परत यायला हवा. मी पोस्टाने पाठवतो आहे खरा, पण तू मात्र पोस्टाने पाठवू नकोस.

तुझाच,
बाबा