नर्मदा मुंबईला जायच्या आधी

३ डिसेंबर १९५७, मालवण
पोरीच्या शाळेचे मास्तर माझ्या खानावळीत आले. आंबोलीची सहल — मुक्काम तिथल्याच शाळेत. 'पालकांपैकी एक जण हवा. स्वयंपाकाचं बघेल असा.' हो म्हटलं. नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

बायको, सुभद्रा, गेली श्रावणात. तेव्हापासून असंच. गल्ल्यावर बसतो, गिऱ्हाइकांची थट्टा करतो, लोक हसतात. आत काही हलत नाही.

सहलीहून परतलो की रुक्मिणीआक्का मुंबईहून बोटीनं येणार आणि नर्मदेला घेऊन जाणार — कायमची. आईवेगळी पोर, घरात बाईमाणूस नाही. आक्का माझी थोरली बहीण, जीव लावील. नर्मदेला विचारलं. म्हणाली, 'जातंय.' एवढंच. बरं झालं.

५ डिसेंबर, आंबोली
घाटात निम्मी पोरं ओकली. थंडी! बाटलीत खोबरेल गोठलं. पेज शिजवली, पंगतीत फिरून वाढली. शिवा नावाचा एक खादाड आहे. म्हटलं, 'रे, तुझ्या पोटात मुंबयची बोट मावात!' पोरं हसून लोळली. मास्तर म्हणाले, 'तुम्ही आहात म्हणून मजा.'

मजा. असेल.

६ डिसेंबर
कड्यावरून खाली सगळं कोकण दिसलं. पोरांनी आरडाओरडा केला. मीही केला.

७ डिसेंबर
सकाळी भिंतीआड राखेनं टोप घासत होतो. पलीकडे नर्मदा आणि तिची मैत्रीण सीता ताटं धूत होत्या. चार टेबलांवरचं बोलणं एकदम ऐकायची सवय मला, ही तर एक भिंत.

सीता म्हणाली, 'तुजो बापूस कसलो गमतीदार गो! तुमी घराक दिसभर हसत असतल्यात.'

'घराक असो नाय. ह्यो गमतीदार बापूस मी हय आंबोलीतच बघतंय.'

'म्हंजे?'

'आवस गेल्यापासून माझ्याकडे बघणा नाय. जेवाण वाढता नि उठान जाता. माका बघल्यान की त्येका त्रास होता. म्हणान मी जातंय.'

हात राखेतच राहिला. खरं आहे. पोरीची हनुवटी सुभद्रेची — नजर टाळतो. परवा पंगतीत सगळ्यांशी बोललो, तिच्या पानात पेज ओतली आणि पुढं सरकलो. तेव्हा कळलंही नाही.

वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. नुसतं कळलं.

८ डिसेंबर
परतीच्या वाटेवर कुडाळला गाडी थांबली. बोलायचं ठरवून तिच्याजवळ गेलो. 'चाय व्हयी?'

'नको.'

माझाच चहा घेतला आणि गाडीत परत जाऊन बसलो. मी — कपबशा विसळत विसळत नुसत्या तोंडाच्या जोरावर खानावळीपर्यंत आलेला माणूस!

१० डिसेंबर
आक्का आली. नर्मदेची ट्रंक भरली. मी खानावळीत.

१२ डिसेंबर
आक्का होडीत बसली. बोट लांब उभी होती. खलाशी ट्रंक उचलायला वाकला आणि माझ्या तोंडून निघालं, 'जाव नको गो.'

आक्का होडीतून ओरडली, 'खुळो झालंस काय रे, बाबू?'

नर्मदा लालबुंद. 'आत्ता सांगतास, बाबा?' — अशी किंचाळली की अख्खं बंदर वळून बघायला लागलं.

मग ट्रंकेवर बसली. खलाशाला हात लावू देईना.