सात तिचे, सात माझे

४ मार्च
उगवले! सातातले पाच! ओल्या फडक्यावर टरफलं डोक्यावर घेऊन उभे आहेत. सूनबाई म्हणते, "आई, नातू झाला तेव्हासुद्धा एवढ्या नाचला नव्हता." असू दे. नातवंडं आणखी होतील. आमच्या आईच्या पांढऱ्या दोडक्याचं बी मात्र आता आम्हा दोघी बहिणींकडेच. चौदा दाणे, तेही जुने, यंदा नाही पेरले तर गेलेच. आई म्हणायची, सगळं बी एका घरात ठेवू नका गं. म्हणून सात ताईने तिकडे उन्हात लावले, सात मी इकडे परदेशात लेकाकडे, या थंडीत.

५ मार्च
ताईचा फोन. तिचे सहा उगवले! "तुझ्या हाताला कधी काही लागलंय का गं, ढमे?" सत्तरी उलटली तरी टोमणे सुटत नाहीत मेलीचे!

१९ मार्च
झकास ऊन! सूनबाई कामावर जाताना बजावून गेली — "आई, कुंड्या बाहेर ठेवू नका हं, अजून महिनाभर तरी." तिला काय कळतंय? ऊन ते ऊन. गॅलरीत मांडल्या पाचही. मग टीव्ही बघत बसले.

२० मार्च
आत घ्यायच्या विसरले. सकाळी कुंड्यांवर बर्फाची साय. रोपं शिजवल्यासारखी काळी पडलेली. सूनबाईने कुंड्या रिकाम्या करून धुवून ठेवल्या. बोलली असती तर बरं झालं असतं.

२३ मार्च
ताई — "कुठवर आले गं?" तोंडातून निघूनच गेलं, "वीतभर!" आता काय करू? ऑगस्टात जायचंच आहे तिच्याकडे. तेव्हा तिच्याजवळ बसून खरं सांगेन आणि तिच्या वेलाचं बी मागून घेईन. शिव्या घालेल. घालू दे.

११ जून
ताईला बारा दोडके लागले म्हणे. "तुझे?" मी म्हटलं, नऊ. तीन कमीच सांगितले, तिला बरं वाटावं म्हणून. पहिला दोडका बियाला राखलास का, कोणी तोडू नये म्हणून चिंधी बांधलीस का — दहादा विचारलं. बांधली म्हटलं. लाल.
आवाज बारीक वाटला तिचा. म्हणे, मांडव बांधून दमले.

२ जुलै
ताई गेली.

९ जुलै
भाचीशी बोलले. ताई मार्चमध्येच पडली होती, मांडीचं हाड मोडलं. तेव्हापासून अंथरुणातच. दवाखान्याच्या धावपळीत रोपांना पाणी घालायला कोणी नव्हतं, चार दिवसांत करपली सगळी.
"तुम्हाला कळवू दिलं नाही मावशी. म्हणायची, ढमीचे लागलेत ना? मग झालं."

१० जुलै
भाचीचा परत फोन. "मावशी, तो चिंधीचा दोडका वाळला की चार दाणे पाठवाल? आईच्या कुंडीत लावते."
पाठवते, म्हटलं.