डेल्मरच्या गळ्यातली शिट्टी

आज दिनांक २९ जून २०११, वार बुधवार, दुपारचे पावणेचार. ओट्यावर बसून पाण्यातल्या चष्म्याचा फाटलेला पट्टा शिवत होतो, तो बाजूला ठेवून हा कागद लिहायला घेतला आहे. मी लेस्टर पँटिंग, वय सव्वीस, धंदा शेवंडींसाठी बुड्या मारणे, राहणार राया सिर्पी, कराटास्का खाडी, होंडुरास. शाळा चौथीपर्यंत. माझे डोके ठिकाणावर आहे, मी प्यालेलो नाही, आणि हे कोणी मागे लागून लिहून घेतलेले नाही. उद्या पहाटे हंगामाची पहिली बोट सुटते. मागच्या हंगामात गावातले दोघे चादरीत गुंडाळून परत आले, म्हणून लिहून ठेवतो.

पहिले. राहते घर माझी बायको एल्विना हिचे. उत्तरेकडचा एक खांब बदलायचा राहिला आहे, त्या कोपऱ्यात वजन ठेवू नये. खांब रोवताना माझे भाऊ आले नव्हते, तेव्हा त्यांनी वाटणीलाही येऊ नये.

दुसरे. होडी आणि दोन्ही वल्ही माझा मामेभाऊ सिमिऑन यास. मी खाली असतो तेव्हा तोच माझ्या बुडबुड्यांमागे होडी वल्हवतो. अट एकच. माझा मुलगा डेल्मर, वय पाच, याला त्याने मासे धरायला न्यावे, नारळ आणायला न्यावे. बुडबुड्यांवर कधीही नेऊ नये.

तिसरे. शेवंडी ओढायचा आकडा, पायातले पंख आणि शिशाचा पट्टा विकावा. चष्मा विकू नये, फोडावा. डेल्मरने तो घालून पाहिलेला मला चालणार नाही.

चौथे. माझे वडील कॉर्नेलियो पँटिंग यांना खिडकीजवळची खाट मरेपर्यंत राहील. त्यांचे कमरेखाली काही चालत नाही. त्यांना सकाळ-संध्याकाळ कुशीवर वळवावे आणि पाठीला खोबरेल चोळावे. हे काम आजवर मी करत आलो. एल्विनाला एकटीला ते उचलवणार नाहीत, सिमिऑनने यावे.

त्यांच्याबद्दल आणखी लिहिणे आहे.

आमच्याकडे पाणबुड्याची होडी बहुतेक त्याचा मुलगाच धरतो. मी नऊ वर्षांचा असताना वडिलांची धरत होतो. बुडबुड्यांमागे वल्हवायचे आणि तोंड बंद ठेवायचे, कारण लिवा, म्हणजे पाण्यातली बाई, हाक ऐकून माणसाला शोधते असे आमच्या घरात मानत. एके दिवशी वारा सुटला आणि फेसात मला बुडबुडे दिसेनात. मी “बाबा” म्हणून हाक मारली. पुष्कळदा मारली. ते वर आले ते हसतच, शेवंडींची पिशवी त्यांनी माझ्याकडे दिली. बोटीवर भात खाताना त्यांच्या हातातून ताट पडले. मग पाय गेले. सगळ्यांसमोर ते मला म्हणाले, “तू हाक मारलीस. तिनं ऐकली.”

त्यानंतर मी बाबा म्हटले की ते तोंड भिंतीकडे करत. मी हाक मारणे सोडले. काही हवे असले की त्यांच्या खाटेसमोर जाऊन उभा राहत असे.

पुढे मीही बुड्या मारू लागलो. पहिल्याच हंगामात मी सिमिऑनला सांगितले, मी खाली गेलो की माझ्या नावाने ओरड. वर आलो तर त्याचा घसा बसला होता आणि मला काहीही ऐकू आले नव्हते. खाली आपल्याच श्वासाचा आवाज असतो, दुसरे काही नाही. खोल जास्त वेळ राहून भराभर वर आले की पाय जातात, हे मला दवाखान्यातल्या नर्सने सांगितले. पण खाली हाक ऐकू येत नाही हे वडिलांना कोणी सांगण्याची गरज नव्हती. ते बारा वर्षे बुड्या मारत होते.

मागच्या नाताळात पाठीला तेल लावताना मी कित्येक वर्षांनी हाक मारून विचारले, “बाबा, खाली हाक ऐकू येते का हो?”

ते म्हणाले, “नाही येत.”

“मग?”

“ती हवेची शेवटची टाकी मी हावरेपणानं घेतली होती. तुझ्या आईला कुठल्या तोंडानं सांगणार? वाटलं, तू पोर आहेस, विसरशील. हात थांबवू नकोस, तिथंच दुखतंय.”

मी हात थांबवला नाही.

त्या हाकेने काही झाले नव्हते, हे साक्षीदारांसमोर लिहून ठेवतो. माझा राग माझ्याबरोबर मातीत घालावा, डेल्मरच्या वाट्याला देऊ नये.

पाचवे. खाली हाक ऐकू येत नाही हे ठाऊक असूनही डेल्मर पहिल्यांदा “बाबा” म्हणाला तेव्हा मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. एल्विना म्हणाली, “लोक पोर बोलावं म्हणून प्रार्थना करतात, आणि तू तोंड दाबतोस?” मग मी पुएर्तो लेम्पिराहून लाल शिट्टी आणून त्याच्या गळ्यात घातली. शिट्टी वाजली की मी धावत जातो. बाबा म्हटले की मला जागचे हलता येत नाही. पडला तरी तो शिट्टी वाजवतो, भूक लागली तरी वाजवतो. शेजारी त्याला रेफ्री म्हणतात. एल्विना मला म्हणते, “सामना संपला की सांग, जेवायला वाढते.” माझ्या मागे ही शिट्टी त्याच्या गळ्यातून काढावी.

इथवर लिहिले आणि वाटले, या कलमाने माझ्या मरणाची वाट कशाला पाहायची? उठून खाली अंगणात गेलो आणि शिट्टी काढून घेतली. त्याने छातीवर हात फिरवून पाहिला.

“आता तुला बोलवू कसा?”

“तोंडानं.”

मी रागावलो आहे का ते त्याने आधी पाहिले. मग चोरून काही घ्यावे तसा हळूच म्हणाला, “बाबा.” मी समोरच उभा होतो. मला तोंड उघडता येईना. तो पुन्हा म्हणाला.

आतून, खिडकीजवळच्या खाटेवरून, वडिलांचा आवाज आला. “लेस्टर, पोर हाक मारतंय. ओ दे.”

मी ओ दिली. तो अंगणाच्या टोकाला पळाला आणि तिथून हाक मारली. मग नारळाच्या झाडामागून. दर वेळी मी ओ दिली.

सहावे आणि शेवटचे. उद्यापासून तो हाक मारील तेव्हा मी समुद्रावर असेन. त्या वेळी घरात जो असेल त्याने ओ द्यावी. वडिलांनीही. मी परत आलो नाही तरी ही अट मोडू नये.

हा कागद मी दोनदा वाचला. खाडाखोड नाही.

ठिकाण राया सिर्पी, सायंकाळी साडेपाच.
सही: लेस्टर पँटिंग
साक्षीदार: पाद्री ऑल्स्टन हेलॉक (सही)
साक्षीदार: ग्लेंडा रिवास, शिक्षिका (सही)

खर्च: कागद व पेन, १८ लेम्पिरा. पट्ट्याचा दोरा, ५.
देणे: बोटीची उचल, २,०००. सिमिऑनचे, ६०.
शिट्टी, १५. हे पैसे वाया गेले.