उचकी, सुई आणि गुलजारफुफी

१३ ऑक्टोबर १९३४, शनिवार

अब्बांची उचकी थांबत नाही! काल दुपारपासून सुरू आहे. साखर खाऊन झाली, श्वास कोंडून झाला. अम्मीने मागून येऊन दचकवलं — कप फुटला, उचकी शाबूत! मला हसू आवरेना, आत पळाले.

पण धंदा बसलाय. कुटलेला चांदीचा वर्ख श्वासानेसुद्धा उडतो. अब्बा तो चिमट्याने उचलून कागदावर ठेवायला जातात आणि — उचक! चांदी भिंतीवर, चांदी मिशीवर. अब्बांचे कारागीर महेबूबचाचा हातोडा चालवतात, पण वर्ख उचलावा तो अब्बांनीच. दिवाळी तोंडावर आली, भद्रकाली बाजारातला हलवाई खेपा घालतोय.

१४ ऑक्टोबर

अम्मीचं म्हणणं, कुणीतरी आठवण काढतंय. नाव बरोबर आलं की उचकी थांबते. सकाळपासून नावं चाललीत. हयात मंडळी संपली तशी अम्मी कबरस्तानात शिरली! एकच नाव कुणी घेत नाही. गुलजारफुफी. अब्बांची सख्खी बहीण, विंचूरची.

भाईजानच्या लग्नात भर दस्तरखानावर, सगळे जेवत असताना, ती म्हणाली होती, "भाई, या वर्खात चांदी आहे का कथील?" थट्टाच. पण वर्खवाल्याला असं बोलायचं! तेव्हापासून बोलणं बंद, जाणंयेणं बंद. आणि तिच्या मुलाशी, खलीलशी, माझं ठरत आलेलं, तेही बंद.

आता येत्या शुक्रवारी मालेगावचे लोक माझी बात पक्की करायला येणार. मुलगा पान खाऊन बोलतो आणि समोरच्याचे कपडे रंगवतो. मला नको. मला खलीलच हवा. हे फक्त इथे लिहिता येतं, कारण अम्मीला मराठी वाचता येत नाही. माझी मराठी शाळा अशी कामी आली!

१५ ऑक्टोबर

डॉक्टरांचं पेपरमिंटचं पाणी वाया. दुपारी रेशीमवाला लीभाई आला. चीन देशाहून कुठकुठे हिंडत आलेला, सायकलवर कापडाचं गाठोडं. अब्बांची दशा पाहून त्याने खिशातून एक नळी काढली. आत केसासारख्या सुया!

अब्बा उठून उभेच राहिले. "मी काय रजई आहे?"

लीभाईने आधी स्वतःच्या मनगटात टोचून दाखवली. मग अब्बांच्या मनगटाच्या आतल्या बाजूला एक, गुडघ्याखाली एक. रक्त नाही. "दर्द नहीं. चींटी, चींटी." पायाची सुई त्याने बोटांत हलकेच फिरवली. अब्बा म्हणाले, "मुंग्या चढल्या —" आणि उचकी गप्प! अम्मी दुआ पुटपुटायला लागली. डॉक्टरांनी ऐकलं तर म्हणतील, योगायोग.

१६ ऑक्टोबर

उचकी रात्रीतून परत आली. लीभाई उद्या पुन्हा येणार.

माझ्या डोक्यात एक किडा वळवळतोय. सुई फिरते आणि उचकी थांबते — नेमकं त्याच क्षणी कुणी नाव घेतलं तर? थांबवली कुणी, सुईने की नावाने? अम्मीला विचारा!

भीती वाटते. फसलं तर अब्बा शुक्रवारऐवजी गुरुवारीच मला मालेगावला पोचवतील.

१७ ऑक्टोबर, बुधवार

केलं!

आज उचकी भलतीच ऐटीत येत होती. लीभाईने नाडी धरली, अब्बांकडे पाहिलं आणि नुसताच हसला. सुया लावल्या. मी पंख्याने वारा घालत बसलेले. पायाची सुई फिरली मात्र — मी बोलले, "गुलजारफुफी!"

उचकी बंद.

अम्मीने तोंडावर पदर घेतला. महेबूबचाचांचा हातोडा थांबला. वाटलं, आता माझी धडगत नाही. मग अब्बा खालच्या आवाजात म्हणाले, "गुलजार आठवण काढते माझी?"

"काढत असेल," अम्मी म्हणाली आणि रडायलाच लागली. मलाही भरून आलं. स्वतःची लाज वाटली. थोडीशीच!

१८ ऑक्टोबर

अब्बा सकाळच्या मोटारीने विंचूरला गेले. बरोबर वर्ख लावलेला शिरा.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार

मालेगावकर आलेच नाहीत. विंचूरला जाण्याआधीच अब्बांनी 'येऊ नका' असा निरोप धाडला होता म्हणे!

२१ ऑक्टोबर

अब्बा आले. गुलजारफुफी आली. खलील आला, सायकल दुरुस्त करून काळे झालेले हात पाठीमागे लपवून. फुफी दारातच म्हणाली, "मी कशाला याची आठवण काढू? मला कामं नाहीत?" आणि अब्बांच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली. निकाह रमजाननंतर. आजच्या दिवसात माझ्याएवढं शहाणं नाशकात कुणी नसेल!

२२ ऑक्टोबर

हलवायाचा माल बांधायला घेतला. सगळ्यात खाली वर्खाची एक अख्खी चळत निघाली. एक कोपरा दुमडलेला नाही, एक पान फाटलेलं नाही. म्हटलं, हा कधीचा? महेबूबचाचा हातोड्यावरून नजर न उचलता म्हणाले, "बुधवारचा. उस्तादांनी सकाळीच उचलून ठेवलेला. तो चिनी यायच्या आधी."

म्हणजे बुधवारी उचकी नव्हतीच! अब्बा माझ्यासमोर खोट्या उचक्या देत बसले होते — घरातल्या कुणीतरी फुफीचं नाव घ्यावं म्हणून.